आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं दुष्काळी काम

आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो, "तिथं बघायला काय आहे?" दुसरा असतो, "जेवणाचं काय?" आणि तिसरा, माझ्याकडं जरा निरखून, "मॅडम, तुमचं आडनाव काय?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायचा मला पगार मिळतो. तिसऱ्याचं मी फुकट देते आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं देते. ज्याला उठून जायचं असेल त्यानं चहा संपवून जावं.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या सहल कंपनीत मी टूर मॅनेजर आहे. गेले सहा उन्हाळे मी मराठवाड्यातली माणसं बसमध्ये घालून आयर्लंडचा पश्चिम किनारा दाखवते आहे. त्याआधी मी विद्यार्थी चळवळीत पत्रकं लिहायचे. हॉस्टेलला पाणी नाही, लिही पत्रक. स्कॉलरशिप अडकली, लिही पत्रक. पत्रक लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात की मागणी पहिल्या ओळीत पाहिजे आणि विशेषणं जागा उरली तर. सहलीच्या माहितीपत्रकात नेमकं उलटं असतं. तिथं 'स्वप्नवत', 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' आधी येतात, आणि सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आहेत हे शेवटी, बारीक अक्षरात. माझं आणि मालकांचं पहिलं भांडण याच्यावरूनच झालं. मी 'नयनरम्य' सगळीकडून काढून टाकलं होतं.

तर तिथं बघायला काय आहे, ते माझ्या पद्धतीनं सांगते.

मोहर नावाचे कडे आहेत. दौलताबादच्या किल्ल्याचा तासलेला कडा आठवा, तो कित्येक मैल लांब करा आणि खाली खंदकाच्या जागी अटलांटिक महासागर घाला. वारा असा की केसाचा टोप घालणाऱ्यांना मी आधीच बाजूला घेऊन सांगते. मे-जूनमध्ये तिथं पफिन नावाचा रंगीत चोचीचा पक्षी घरटं करतो. लाखो मैलांवरून माणसं तो बघायला येतात असं मी एकदा भारावून सांगत होते, तर गंगापूरचे एक काका दुर्बीण परत देत म्हणाले, "एवढुसा? आमच्या जायकवाडीला फ्लेमिंगो येत्यात, माणसाएवढे." लाखो मैल जरा जास्तच झाले होते, कबूल. पत्रकाची सवय.

अरान बेटांवर बोटीनं जायचं आणि तिथं सायकल नाहीतर घोडागाडी. बोट हलते, म्हणून मी सगळ्यांना आवळासुपारी वाटते. डिंगलच्या बाजूला एवढा लांब वाळूचा किनारा आहे की त्यावर गाड्या उभ्या करतात. गॉलवे नावाच्या शहरात रस्त्यावर गाणारे असतात. किनाऱ्यावरचं लालसर शेवाळ वाळवून लोक खातात. आपल्यातल्या निम्म्यांनी ते तोंडात घालून थुंकलं, निम्म्यांनी पिशवी विकत घेतली. आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत लख्ख उजेड. त्यामुळं एका बाईंच्या संकष्टीची पंचाईत झाली. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. शेवटी त्यांनी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून संभाजीनगरच्या चंद्रावर उपवास सोडला. आयर्लंडमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि ऊन पडलेलं होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ग्रुप टूरच्या बसमध्ये जागा कायमची नसते. रोज सकाळी प्रत्येकानं दोन रांगा मागं सरकायचं, आणि शेवटच्या रांगेतल्यांनी पुढं यायचं. म्हणजे प्रत्येकाला कधी ना कधी पुढची काच मिळते. आम्ही याला रोटेशन म्हणतो. मी याला लोकशाही म्हणते. रोटेशनवरून जेवढी भांडणं होतात तेवढी जेवणावरूनही होत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर पुढची खुर्ची पाहिली त्यांना मागची रांग म्हणजे पदावनती वाटते.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गयाबाई ऑफिसात आल्या. सदुसष्टच्या, करमाडच्या पुढच्या एका गावातल्या, आमच्याच समाजातल्या. आत आल्या त्याच "जय भीम" म्हणत, आणि खुर्चीवर बसायच्या आधी फोन माझ्यापुढं धरला. त्यांची मुलगी गॉलवेत दवाखान्यात नर्स आहे. तिनं तिकीट काढून द्यायचं ठरवलं होतं, पण तिला रजा नव्हती. म्हणून गयाबाई ग्रुपबरोबर जाणार आणि गॉलवेत मुलीला भेटणार.

फोनवर एक फोटो होता. करड्या खडकाचा डोंगर, खाली समुद्र, आणि डोंगराच्या अंगानं गेलेला एक जुना दगडी रस्ता, दोन्ही कडांना गवत. मुलगी सुट्टीच्या दिवशी तिथं फिरायला जायची.

"ह्यो रस्ता दावशील का मला?" गयाबाई म्हणाल्या.

"मावशी, हा आपल्या कार्यक्रमात नाही. आपण मोहरचे कडे बघतो, मग बरेन म्हणून खडकाळ भाग आहे, तिथं फोटोला थांबतो."

"कडे ऱ्हाऊ दे. ह्यो रस्ता आमच्यासारख्यांनी केलाय."

मी हसले. खरं सांगते, हसले. त्यांनी बोटानं फोटो मोठा केला. "हसू नको पोरी. बहात्तरला मी पंधरा वर्सांची होते. दुष्काळी कामावर खडी फोडली, रस्ता केला. कडंचे धोंडे कसे उभे लावलेत बघ. अन् त्यो पार तिकडं डोंगरात जाऊन थांबलाय, दिसतंय का? फुडं काईच नाय. कामासाठी काढलेल्या कामाला तोंड नसतंय."

त्या गेल्यावर मी शोधायला बसले. आणि गयाबाईंचं खरं निघालं. त्या देशात एकोणिसाव्या शतकात बटाट्याचं पीक सलग काही वर्षं कुजलं, माणसं भुकेनं मेली, आणि सरकारनं उपाशी माणसांना फुकट धान्य द्यायचं नाही म्हणून रस्ते करायला लावलं. कुठंच न जाणारे रस्ते. दुष्काळी कामं. तीच गोष्ट, फक्त तिथला खडक पांढरट आणि इथला काळा. मी तीन वर्षं त्या डोंगराखालून बस नेत होते आणि माईकवर 'निसर्गाचा चमत्कार' म्हणत होते! वेरूळला येणारे पर्यटक राजा कोणता ते विचारतात, दगड कोणी फोडला ते विचारत नाहीत, म्हणून मी कॉलेजात एक अख्खं पत्रक काढलं होतं. तीच मी. संताप आला तो आधी स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी मी गयाबाईंना फोन करून सांगितलं, "मावशी, रस्ता दाखवते. शब्द."

व्हिसाच्या कागदांना त्या परत आल्या. अर्जाबरोबर एक पत्र द्यावं लागतं, त्यात प्रवासाचा उद्देश लिहायचा असतो. मी विचारलं, "काय लिहू?"

"लिही, काम बघाया चाललेय."

"मावशी, 'काम' शब्द दिसला तर व्हिसा नाकारतील. नोकरी धरायला चाललाय म्हणतील."

"ह्या वयात? खडी फोडाया?" आणि त्या एवढ्या हसल्या की आतून मालक बघायला आले. शेवटी 'पर्यटन व मुलीची भेट' लिहिलं.

जूनमध्ये निघालो. अठ्ठावीस माणसं. त्यात कन्नडकडचे जगतापसाहेब आणि त्यांच्या पत्नी. साहेब बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीला टेकलेले, घरची शेती मोठी. प्रत्येक पूल बघून "स्पॅन किती असेल?" विचारायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे. बोलायला वाईट नव्हते. पण पहिल्या दिवशी गयाबाईंनी बसमध्ये धपाटे वाटले तेव्हा साहेब म्हणाले, "माझा आज उपवास." बाईंनी दुसऱ्या दिवशी परत डबा पुढं केला. "आज पण." तिसऱ्या दिवशी बाईंनी डबा त्यांच्यावरून अलगद पुढच्या रांगेत नेला. साहेबांच्या पत्नीनं मात्र मान वळवून हळूच एक उचलला.

हे सगळं मी बघत होते. आत साठवत होते. हीच चूक झाली.

पाचव्या दिवशी मोहरचे कडे, आणि दुपारनंतर किनाऱ्याच्या रस्त्यानं बरेन, म्हणजे गयाबाईंचा रस्ता. रोटेशननं त्या दिवशी पुढची काच गयाबाईंची होती. जुळवून आणलेलं नव्हतं, खरंच आलं होतं. सकाळी बसजवळ आले तर पुढच्या सीटवर जगतापसाहेब.

"साहेब, आज तुम्ही आठवी रांग."

"गुडघा धरलाय हो. आणि समुद्राचा सगळा भाग आजच आहे ना? त्या बाईंना मागं बसलं काय, पुढं बसलं काय. त्यांना काय त्यातलं."

गयाबाई खाली, पायरीशी उभ्या होत्या. ऐकलं त्यांनी.

मी माईक घेतला. पत्रकात असते तशीच मी सुरू झाले. रोटेशनचा नियम, मग नियम मोडणारे कोण असतात, मग धपाटे, मग उपवास. "दोन-दोन दिवसांचा कुठला उपवास असतो हो?" इथपर्यंत कदाचित चाललं असतं. पण मी पुढं गेले. "ज्या मावशींना तुम्ही मागं बसवताय त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे. पोटात अन्न नसताना. आज आपण त्यांच्यामुळं एक रस्ता बघणार आहोत, तेव्हा जरा लाजा!"

साहेब लालबुंद होऊन उठले. दोघंतिघं टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, जिंकले.

गयाबाई वर चढल्या. मोकळ्या झालेल्या पुढच्या सीटकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी मागं गेले तर म्हणाल्या, "मला इचारलंस का?"

"मावशी, मी तुमच्या बाजूनं..."

"माझ्या बाजूनं कोण बोलायचं त्ये मी ठरवीन. समद्यांम्होरं माझी भूक काढलीस. त्यांच्या डोळ्यांत बघ आता. सकाळपोतर मी नर्सची आई होते."

मी वळून पाहिलं. आणि खरंच, सगळे त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघत होते. पत्रक छापलं होतं मी त्यांचं. जिवंत बाईचं.

पुढची काच दिवसभर रिकामीच राहिली. मोहरला गयाबाई उतरल्या, कडा पाहिला, पदर डोक्याला घट्ट बांधून बाकावर बसल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यात आमची मंडळी तिथल्या दुकानात अर्धा तास जास्त रमली. आमचा ड्रायव्हर मायकल, तिथलाच, साठीचा माणूस. त्या देशात ड्रायव्हरचे तास कायद्यानं बांधलेले असतात, सगळी नोंद यंत्रात होते, वर पाच मिनिटंही चालवता येत नाही. मायकल म्हणाला, त्या रस्त्यापाशी चाळीस मिनिटं थांबू शकतो, एक मिनिट जास्त नाही.

समुद्राच्या कडेला बस थांबली. उजव्या हाताला तो डोंगर आणि तो रस्ता, फोटोतला, तसाच. मी म्हणाले, "ज्यांना चालायचं असेल त्यांनी या." आणि माईक जागेवर ठेवला.

सगळे उतरले. गयाबाई उतरल्या नाहीत.

मी दारात उभी राहिले. चाळीसातली सहा मिनिटं गेली. ज्या बाईसाठी थांबलो ती शेवटच्या रांगेत खिडकीबाहेर बघत बसलेली, आणि रस्ता तिच्यापासून वीस पावलांवर. मुलीकडं परत कधी येणं होईल, या गुडघ्यांनी होईल का, कोण जाणे. मी माफी मागायला दोनदा आत गेले आणि दोनदा शब्द सापडेनात म्हणून बाहेर आले. आयुष्यात एवढी पत्रकं लिहिली, माफीचं एकही नव्हतं.

बाहेर जगतापसाहेब रस्त्याच्या तोंडाशी उभे होते. काठीनं कडेचे दगड ठोकून बघत होते. मग डोळ्यावर हात धरून वरपर्यंत पाहिलं आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं म्हणाले, "अलाइनमेंट साफ चुकलीय! वर वस्ती नाही, घाट ओलांडत नाही, मध्येच संपतो. कुठल्या येड्यानं आखला हा?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. गिळलं.

मागून बसच्या आतून आवाज आला. "साहेब, त्यो जायासाठी केलाच नाय."

गयाबाई दारात आल्या होत्या. दांडीला धरून एक एक पायरी उतरल्या. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. रस्त्यावर आल्या, पायातला मुलीनं धाडलेला बूट काढला, आणि टाच दाबून दाबून चार पावलं चालल्या.

"दुष्काळी काम हाय ह्ये," त्या साहेबांना म्हणाल्या. "माणसं गुतवायची म्हून काढलेलं. असंच एक आमच्याकडं बी हाय, करमाडच्या फुडं. टेकडीला जाऊन थांबायचं."

साहेब काठी टेकून म्हणाले, "मी तिकडं नव्हतो. मी कन्नडच्या बाजूला होतो. नुकताच ओव्हरसियर लागलेलो."

"कुटं बी असा. फरमा त्योच की."

फरमा म्हणजे खडीचा ढीग मोजायची, तळ नसलेली लाकडी पेटी. दिवसभर फोडलेली खडी तिच्यात भरायची. पेटी भरली तर काम भरलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त साहेबांचा चेहरा दिसला. ते काठीकडं बघत म्हणाले, "बुटानं दाबायचो मी. वरून हुकूम होता, दाबून मोजा. दाबला की ढीग बसतो, पेटी भरत नाही. बाया बघत उभ्या असायच्या."

साहेबांच्या पत्नीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता गयाबाई बोलतील, पन्नास वर्षांचं बोलतील. आणि त्या बोलल्या.

"ठावं हाय. आमी बी मंदी मोठे धोंडे घालून वरनं बारीक खडी पसरायचो. तुमाला कदी कळलं का?"

साहेबांनी मान वर केली. "नाही."

"मंग फिट्टमफाट."

आणि हसल्या, ऑफिसात हसल्या होत्या तशा. आधी साहेबांच्या पत्नी हसल्या, मग सगळेच. साहेब हसले की रडले ते वाऱ्यामुळं सांगता येत नाही.

मग गयाबाई निघाल्या. पुढं त्या, मागं सत्तावीस माणसं, सगळ्यात मागं मी. डाव्या हाताला खाली समुद्र फुटत होता, त्याकडं कोणी फारसं बघत नव्हतं. गयाबाई मध्ये मध्ये वाकून दगड उचलायच्या, हातात तोलायच्या. "आपल्यापरीस हलका. फुटाया सोपा. पर ह्या गार वाऱ्यात हात कसं चालले आसतील बायांचं?" साहेबांनी बाजूनं पाण्याची वाट कशी काढली आहे ते दाखवलं. दोघं त्याबद्दल बराच वेळ बोलत होते, दोन कामगार बोलतात तसे. रस्ता जिथं संपतो तिथं गवत आणि उघडा खडक, बाकी काही नाही. गयाबाई शेवटच्या दगडावर उभ्या राहिल्या, वळल्या, आलेला सगळा रस्ता पाहिला.

"नीट केलाय," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसांनी केलाय, जायाचा नाय हे म्हाईत असून केलाय, तरी नीट केलाय. खडी हालली नाय अजून."

खाली आलो तेव्हा मायकल घड्याळ बघत उभा होता. दोन मिनिटं उरली होती. गयाबाई वर चढल्या आणि पुढच्या काचेपाशी बसल्या, आपल्या जागेवर. मी त्यांच्याजवळ वाकले. "मावशी, चुकले."

"व्हय, चुकलीस. आन ते इकडं."

माईक मागत होत्या. मी दिला, बटण दाबून दिलं.

"मी गयाबाई," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच मोठ्या आवाजानं दचकून माईक जरा लांब धरला. "सकाळी हिनं माझी भूक सांगितली. ती माझी हाय, तुमाला नकोय. मी माझं काम सांगते. करमाडच्या फुडं आमी केलेला रस्ता टेकडीला थांबायचा. नंतर लोकांनी त्यो फुडं नेला. आता वर डांबर हाय, त्याच्यावरनं शाळेची गाडी जाती. खाली खडी आमचीच हाय. कदी आला तर दावीन. झालं."

बस गॉलवेला पोचेपर्यंत त्या पुढच्या काचेतून रस्त्याकडं बघत होत्या, समुद्राकडं नाही.

माणूस एका दुपारीत बदलतो असं मी लिहिणार नाही. जगतापसाहेबांनी सहलीच्या शेवटापर्यंत धपाटा घेतला नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर त्यांनी माझ्याबद्दल 'टूर मॅनेजर उद्धट' असं लिहिलं, आणि ते बरोबर होतं. पण त्याच फॉर्मवर 'सर्वात आवडलेलं ठिकाण' या रकान्यात त्यांनी कडे लिहिले नव्हते. तिथं त्यांनी हातानं त्या रस्त्याच्या छेदाचं चित्र काढलं होतं, पाण्याच्या वाटेसकट, मापं घालून.

तेव्हापासून ती चाळीस मिनिटं आमच्या कार्यक्रमात आहेत. माईकवर मी तिथं काही बोलत नाही, कोणी विचारलं तरच सांगते. माहितीपत्रकात त्या ठिकाणासाठी एक ओळ लिहायची होती. ती मी लिहिली नाही, गयाबाईंना फोन करून विचारली. मालक म्हणाले, यातलं 'कुठंच जात नाही' तेवढं काढ, कोण येईल बघायला? मी म्हणाले, हे माझं पत्रक नाही, ज्यांचं आहे त्यांना विचारा. त्यांनी विचारलं. पलीकडून काय ऐकलं ते मला माहीत नाही, पण फोन ठेवल्यावर छापायला पाठवून दे म्हणाले.

पान चार, पाचवा दिवस, दुपारी: 'समुद्राच्या वरचा दगडी रस्ता. कुठंच जात नाही. चालून बघावा. नीट केलेला आहे.'